कॅसेटमधला ‘तू’

माझी कॅसेट निघाली तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलत नव्हते. वालचंदनगरला ते फिटर. मलाही त्यांनी तिथंच शिकाऊ म्हणून चिकटवलं होतं. ती जागा सोडून मी बारामतीत गिटार घेऊन बसलो, त्या दिवसापासून अबोला. ‘त्याला म्हणावं, जेवून घे,’ असं ते आईला सांगत, आणि मी समोरच ताटावर बसलेला असे.

अल्बम रॉकचा, तोही मराठीत. पुण्यातल्या दोन कंपन्यांनी अर्धा ऐकूनच नको म्हटलं. मग मी आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा एक मित्र, आम्ही आमचीच कंपनी काढली. कंपनी म्हणजे एक रबरी शिक्का. त्याच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगल्या, पंखा बंद केला आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागलो. वीज गेली की चांगलं जमलेलं गाणं अर्ध्यातच मरायचं. कव्हरवर गीत, संगीत, गायन, निर्मिती, सगळीकडं मीच. मिरवायला बरं वाटलं, पण शिव्या खायच्या वेळी वाटेकरी कुणी नाही, हे नंतर लक्षात आलं.

माझा जीव अडकला होता एकाच गाण्यात.

सायकल दारात आली, घर झालं गप्प,
तू बोल की, शिवी दे, पण बोल की.

हे गाणं तात्यांवर होतं, सायकलही त्यांचीच. आमच्याकडं आईला ‘तू’, पण वडिलांना ‘तुमी’. उभ्या जन्मात मी त्यांना अरेतुरे केलं नव्हतं. आणि इथं गळा फाडून ‘तू’ म्हणत होतो, तेही दोनशे कॅसेटांवर. आता पुसायची सोय नव्हती.

नशीब, आमच्या शेळगावात त्याचा भलताच अर्थ निघाला. पोरगं कुणाच्या तरी नादाला लागलंय, असं सांगवीच्या मावशीनं जाहीर केलं. आईनं मला चुलीपाशी गाठलं.

‘सायकलवरनं कालेजात जाती व्हय रं ती?’

‘कोण ती?’

‘आपल्यातली हाय का न्हाय, तेवढं सांग.’

मी मान खाली घातली. खोटी का होईना, एक पोरगी मध्ये उभी होती तोवर मी वाचलो होतो. तरी घरातली कॅसेट मी आईच्या साड्यांखाली दडवून ठेवली.

एका रविवारी दुपारी एसटीतून उतरलो, तर माझाच आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मागं फिरावंसं वाटलं, पण पुढची गाडी थेट संध्याकाळी. ओट्यावर तात्या टेपरेकॉर्डर उघडून बसले होते.

‘सकाळधरनं तिसऱ्यांदा टेपचं हेड पुसत्यात,’ आई म्हणाली. ‘आवाज फाटतोय म्हनं.’

आवाज फाटत नव्हता. गिटारचा तो फाटका आवाज मी महिनाभर खपून जमवला होता. पण सांगणार कोण? मी चपला न काढता तसाच उभा राहिलो. त्यांनी कापूस बाजूला ठेवला, कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. सायकलची ओळ आली. ‘तू’ आला. एकदा, दोनदा, मग येतच राहिला. इतकी भीती मला कुठल्याच परीक्षेत वाटली नव्हती. तात्या स्पीकरच्या जाळीकडं बघत राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी बटण दाबलं.

‘चहा टाक,’ ते आईला म्हणाले. आई आत गेली. मग सव्वा वर्षात पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून बोलले.

‘चालीत “तुमी” बसत न्हवतं का?’

बसत होतं. जरा ताणून म्हटलं की ‘तुमी बोला की’ अगदी नीट बसत होतं. पहिल्यांदा लिहिलं होतं तेही तसंच. रागाच्या भरात मीच ते खोडलं होतं.

‘न्हवतं,’ मी म्हणालो.

‘मग ऱ्हाऊ दे तसंच,’ ते म्हणाले, आणि त्यांनी कॅसेटची दुसरी बाजू लावली.