दारावरची कडकट्ट

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलगा आणि सून कामावर जाताना जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप लावतात. काळजीपोटी, म्हणे! डालग्याखाली कोंबडी झाकावी तसा मी आत. दुपारी मुलाचा मेसेज येतो, "बाबा, बरं आहे ना?" मी अंगठ्यानं "हो" दाबतो. रडत दाबलं काय नि हसत दाबलं काय, "हो" तसंच उमटतं.

तार ऑफिसात तीस वर्षं मी मोर्सची कडकट्ट केली. अकलूजचा तारमास्तर नुसत्या ठोक्यांवरून माझा हात ओळखायचा. एकदा मी चारच शब्द पाठवले, तर त्यानं उलट विचारलं, "ताप आलाय व्हय? हात लई जड पडतोय की." आणि खरंच, मी तापानं फणफणलो होतो.

काल राहवलं नाही. अंगठीनं लोखंडी सेफ्टी दारावर ठोकायला लागलो. कट्ट, कडकट्ट. 'दार उघडा', एवढंच पुन्हा पुन्हा. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरून मेसेज आला, "कोण ठोकतंय? आवाज बंद करा."

मी अंगठ्यानं "सॉरी" दाबलं.