बाळारामने बुजवलेली चोवीस भोकं

बाळाराम हर्णैचा. वडील होड्या बांधायचे, तोही बांधायचा, आणि मग रियाधला अल सुलैच्या एका यार्डात ट्रकच्या बॉड्या दुरुस्त करायला आला. समुद्र तिथून चारशे किलोमीटर लांब. कुठलीही वस्तू समोर आली की आधी बोटाच्या पेराने ठोकून बघायची त्याची सवय. रियाधमधल्याच आमच्या मलाझच्या घरी ओट्याखालचं कपाट नीट करायला पहिल्यांदा आला, तेव्हाही दार ठोकलं आणि म्हणाला, "वैनी, आतून कुजलंय. रंगावर जाऊ नका." तेव्हापासून शुक्रवारी तो जेवायला आमच्याकडेच. माझ्या आमटीला नावं ठेवायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा.

२००६च्या एप्रिलात त्याच्या बायकोचं, बायजाबाईचं, पोटातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. चिपळूणला, पुढच्या बुधवारी. दोनदा तारीख पुढे गेली होती, कारण ती एकच धोशा लावून बसली होती, 'हे आल्याशिवाय मी टेबलावर जायची नाही.' डॉक्टरांनी आता निर्वाणीचं सांगितलं होतं.

देश सोडून जायचं तर कफिलाची, म्हणजे कामाला ठेवणाऱ्या मालकाची, सही हवी. कफील अबू नासिर वाईट माणूस नव्हता, पण त्याने एक काम अडवून ठेवलं होतं. कुणा अमेरिकन साहेबाने मागे टाकलेली तीस वर्षांची जुनी कॅरावॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, त्याने विकत घेतली होती. त्याच्या म्हाताऱ्या आईला उन्हाळाभर खमीस मुशैतच्या थंड हवेत राहायचं होतं. आत पांढऱ्या लोकरीच्या गाद्या घातल्या होत्या. "गुरुवारी अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत खमीसला पोचव. आत पाण्याचा थेंब नको. मग सही." त्याच संध्याकाळी तो तिथूनच दोन आठवड्यांसाठी परदेशी जाणार होता.

बाळारामने तीन आठवडे खपून बारा खिडक्या नव्याने बसवल्या होत्या. यार्डात दाखवताना मोठ्या अभिमानाने म्हणाला, "वैनी, प्रत्येक चौकटीत खाली दोन-दोन बारकी भोकं होती. गंजून पडली असणार. चोवीसच्या चोवीस सिलिकॉनने बुजवली." मग नळीने पाणी मारून दाखवलं. आत ठणठणीत कोरडं. मीही मान डोलावली.

मी आणि माझा नवरा उन्मेषही सुट्टीला खमीसजवळच्या अभ्याला निघालो होतो, म्हणून सोबत गेलो. तो पुढे कफिलाचा पिकअप आणि मागे कॅरावॅन घेऊन, आम्ही त्याच्यामागे. वाटेत वादी नावाच्या गावी मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी तथलीथ गाव सोडलं आणि डोंगराच्या बाजूने आभाळ काळं झालं. पाऊस समोरून आला, वाऱ्यासकट. दहा मिनिटांत बाळारामने पेट्रोल पंपावर गाडी वळवली, खाली उडी मारली आणि कॅरावॅनचं दार उघडून आत धावला.

आम्ही पोचलो तर पुढच्या खिडकीच्या आतल्या काठावरून पाणी ओघळत होतं. त्याने गाद्या मागे ओढल्या होत्या, स्वतःची लुंगी काठाखाली दाबून धरली होती. दुसऱ्या हातात सिलिकॉनची नळी.

"उभ्या गाडीला एक थेंब नव्हता हो," तो म्हणाला.

सिलिकॉन ओल्या काठाला धरेना. बोटालाच चिकटत होतं. घड्याळात दीड वाजला होता. खमीस अजून शंभर किलोमीटर.

मी चौकटीकडे बघत राहिले. खालच्या पन्हळीत पाणी काठोकाठ तुंबलं होतं. आणि मला आमची मलाझची बैठकीची खोली आठवली. धूळ येते म्हणून सरकत्या खिडकीखालच्या फटी मी एकदा टेपने बंद केल्या होत्या. पुढच्याच पावसात गालिचा भिजला.

"बाळारामभाऊ, ती भोकं उघडा."

"वैनी, पाणी आत येतंय आणि तुम्ही भोकं पाडायला सांगताय? होडीला कुणी भोक ठेवतं?"

"ही होडी नाही. धावत्या गाडीवर वारा पाणी रबरातून आत रेटतो. ते बाहेर जायला वाट होती, ती तुम्ही बुजवलीत."

"हेमा, तू इंजिनिअर कधी झालीस?" उन्मेष म्हणाला.

"मी गालिचा वाळवलाय. आठ दिवस."

मी चूक असते, तर त्याची बुधवारची तारीख माझ्यामुळे बुडाली असती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्याच्यापुढे धरली. तो पावसात बाहेर गेला आणि चौकटीखाली पिन खुपसली. सिलिकॉनची गोळी निघाली, मागोमाग पाण्याची बारीक धार त्याच्या मनगटावर पडली. आतली पन्हळ बघता बघता रिकामी झाली.

"अजून खरं नाही," तो म्हणाला. "चालत्या गाडीत बघायला हवं. मी आत बसतो. साहेब, तुम्ही ओढा."

"अरे, मी बँकेत आहे. मी फक्त फायली ओढतो!" उन्मेष म्हणाला.

मला गाडी येत होती, पण या देशात तेव्हा बायकांना चालवायला बंदी होती. मी उन्मेषशेजारी पिकअपमध्ये बसले. आमची गाडी पंपावर राहिली. ठरलं असं, की पाणी आलं तर बाळारामने आतून भिंत ठोकायची. आवाज ऐकू यावा म्हणून मी खिडकी उघडी ठेवली आणि तोंडावर पाऊस घेत बसले. साठ. सत्तर. ऐंशी. कॅरावॅन मागून हिसके देत होती, उन्मेषची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. एक ठोका ऐकू आला, मी मान बाहेर काढून मागे बघितलं. चाक खड्ड्यातून गेलं होतं. त्यानंतर फक्त पाऊस.

पाच किलोमीटर जाऊन वळलो, पंपावर परत आलो. मी धावत जाऊन दार उघडलं. बाळाराम खिडकीच्या काठावर तळहात ठेवून बसला होता. त्याने हात उलटा करून दाखवला. कोरडा.

मग आम्ही तिघांनी मिळून उरलेली तेवीस भोकं उघडली. माझ्या तीन पिना वाकल्या.

खमीसला पोचलो तेव्हा अस्रची अजान चालू होती. नमाज आटोपून अबू नासिर आला. प्रत्येक गादीवर तळहात दाबत गेला, पुढच्या खिडकीखाली दोनदा. ओली लुंगी माझ्या पर्समध्ये होती. शेवटी त्याने पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "यल्ला, घरी जा." बाळारामने कागद घेतला, घडी केली, परत उघडून सही बघितली.

त्या बुधवारनंतरच्या शनिवारी चिपळूणहून फोन आला. बायजाबाईचा आवाज बारीक होता, पण हसरा.

"वैनी, ऑपरेशन झालं. पण ह्यांचं काय सांगू! मला आत नेताना ह्यांनी आधी खाट ठोकून पाह्यली!"