दोघांचा दिवस

पायगोंडाअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उजव्या हाताने तंबाखूचा भाव ठरवत होते आणि डाव्या हाताने जेवत होते. आमच्या निपाणीच्या व्यापारात भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगत, म्हणजे चारचौघांना कळू नये. तर अण्णांचा उजवा हात रुमालाखाली एका शेतकऱ्याच्या मुठीत होता आणि डाव्या हातात चटणी घालून गुंडाळलेली भाकरी होती. एक पाय वखारीच्या उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मी शाळेतली मास्तरकी सोडून त्यांच्याकडे नोकरी मागायला गेलो होतो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि भरल्या तोंडाने विचारलं, "कानडी येतं?" मी हो म्हटलं. "मग हुभं काय ऱ्हायलाय? ती गाडी आलीया बघा, तिच्याम्होरं जावा. बेग, बेग."

कानडीत 'बेग' म्हणजे लवकर. हा शब्द दिवसातून किती वेळा त्यांच्या तोंडून निघे याला गणती नव्हती. हमालांना बेग, बैलांना बेग, चिकोडीकडच्या कानडी शेतकऱ्यांना बेग आणि आमच्या कोगनोळीच्या मराठी शेतकऱ्यांनाही बेगच. बायका तंबाखू निवडता निवडता त्यांना 'बेगण्णा' म्हणत. ते त्यांच्या कानावर जाई, पण रागवायलाही त्यांना सवड नसे. मला ते शेवटपर्यंत मास्तरच म्हणाले. मी त्यांच्याकडे खरेदी बघायला होतो, पण खरं काम त्यांच्यामागून पळण्याचं.

सुगीच्या दिवसांत ते सकाळी चहा घेऊन बाहेर पडत. दुपारी पद्मव्वा, म्हणजे त्यांची बायको, घरून डबा पाठवी. तो डबा बहुधा गाडीवान खाई. अण्णा समोरच्या हाटेलातली भजी मागवत आणि ती बोदांवर ठेवून येताजाता एकेक तोंडात टाकत. बोद म्हणजे तंबाखूचं मोठं गाठोडं. त्या भज्यांना तंबाखूचा खकाणा लागे. मी म्हणालो, "अण्णा, शिंका येतील." तर म्हणाले, "पोटाला थांबाय शिकवलंय मी, मास्तर. गिऱ्हाईक थांबत न्हाय." चहा मात्र किती होई ते हाटेलवाल्यालाच ठाऊक.

एवढं सगळं असून एक गोष्ट ते मोडत नसत. घर जैनांचं. सूर्य मावळला की अन्न तोंडात घालायचं नाही, असा आईला दिलेला शब्द. मग दिवसभराची भूक ते शेवटच्या घटकेला भागवत. वखारीतून घराकडे असे धावत सुटायचे की वाटेतली माणसं बाजूला होत. जाऊन पानावर बसले की घास चावलेला मी पाहिला नाही. गिळत होते असंच म्हणायला हवं. "सूर्य काय माझ्या वखारीत नोकर न्हाय," ते म्हणत. "तेवढा एकच माझं ऐकत न्हाय बघा."

एकदा तर कमाल झाली. माल उतरवून घेण्याच्या गडबडीत दिवस कलला. घरी जायलाही वेळ उरला नाही, म्हणून घरून जेवण वखारीत मागवलं. ते येईपर्यंत अंगणातलं ऊन गेलेलं. अण्णांनी वर पाहिलं. बोदांची थप्पी आढ्याला लागायला आली होती आणि तिच्या वरच्या टोकाला झरोक्यातून अजून उजेड येत होता. धोतराचा काचा मारून हे गृहस्थ थप्पीवर चढले आणि वरून ओरडले, "दिसतोय, दिसतोय अजून. द्या वर." मग खालून एक हमाल भाकरी देतोय, दुसरा आमटीची वाटी हातभर उंच धरून उभा आहे, आणि अण्णा भराभर खात आहेत. सगळी वखार हसत होती. मीही पोट धरून हसलो. सूर्याला फसवणारा माणूस म्हणून ती गोष्ट पुढे बाजारभर झाली.

पण पोट कुणाला फसत नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, तंबाखूला मागणी वाढली, आणि त्याच सुमारास अण्णांच्या पोटात कळा येऊ लागल्या. कळ आली की खांबाला पोट दाबून उभे राहत आणि तशातही हाताने गाड्यांना पुढे या, पुढे या, अशी खूण करत. त्यांचे वडील ह्याच दुखण्याने, पुरते म्हातारे न होताच गेले होते. ते अण्णा विसरले नव्हते. दर वेळी म्हणत, "एवढी सुगी संपू दे. मग बसून जेवतो." सुगी संपे, मग पेरा येई, पेरा झाला की उधारीवसुलीचे दौरे. त्यांच्या वर्षात बसून जेवायचा महिनाच नव्हता. घड्याळाचा गजर लावून पाहिला. गजर झाला की ते घड्याळाच्या डोक्यावर थाप मारून पुढे चालू लागत.

शेवटी रक्ताची उलटी झाली तेव्हा आम्ही त्यांना सर्व्हिस मोटारीत घालून बेळगावला नेलं. पद्मव्वा सोबत होती. डॉक्टर वयस्क, शांत माणूस. अण्णांना तपासून झाल्यावर त्यांनी पद्मव्वाला विचारलं, हे कधी जेवतात, काय खातात? तिने खालमानेने सगळं सांगितलं. अण्णा खुर्चीवर छत्री आपटत चुळबुळत होते. परतीची मोटार चुकेल ही काळजी. डॉक्टर तिच्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "आणि बाई, तुम्ही कधी जेवता?"

"दुपारी," पद्मव्वा म्हणाली.

"संध्याकाळी?"

ती हळूच म्हणाली, "सुगीत जमत न्हाय. ह्यांचं पान उठंस्तवर दिवस जातोय."

छत्री थांबली. मला स्वतःला समजायला क्षणभर वेळ लागला. बाई नवऱ्याच्या मागून जेवणार ही आमच्याकडची रीत, आणि सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा त्यांच्या घरचा नेम. अण्णा आपला दिवस शेवटच्या किरणापर्यंत ताणत होते, त्यामुळे तिच्या वाट्याला उजेडच उरत नव्हता. थप्पीवर चढून त्यांनी जो सूर्य मिळवला तो एकट्यापुरता होता. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत रक्ताचा टिपूस नव्हता. "आधी औषध कुणाला देऊ?" ते म्हणाले. मला त्या थप्पीखाली हसलेलं आठवलं आणि माझं तोंड कडू झालं.

परतताना मोटारीत अण्णा एकदाही ड्रायव्हरला बेग म्हणाले नाहीत. संकेश्वर मागे गेल्यावर त्यांनी विचारलं, "कवापास्नं हे?"

"लगीन झाल्यापास्नं."

"सांगायचं न्हाय व्हय गं?"

"सांगून सूर्य थांबणार हुता?" पद्मव्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अण्णांना जास्त लागलं असावं. खिडकीकडे तोंड करून ते निपाणी येईपर्यंत तसेच बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं, "माझ्यासंगं बसत जा जेवाय." तिने साफ नकार दिला. "सासूबाई बसल्या न्हाईत, मीबी बसायची न्हाय. तुम्ही येरवाळी या, ऊन हाय तवर." झालं. मग अण्णांना एकच वाट उरली. नुसता आपल्या जेवणाचा नव्हे, दोन जेवणांचा दिवस शिल्लक असताना घरी पोचायचं. "दोघांचा दिवस शिल्लक ठिवून उठायचं, मास्तर," ते मला म्हणाले. "मी इसरलो तर मला ढकला."

म्हणून काही दुसऱ्या दिवसापासून ते ऋषिमुनी झाले नाहीत. आधी हाटेलची भजी सुटली. मग दुपारचा डबा गाडीवानाकडून परत त्यांच्याकडे आला. गाडीवान त्यामुळे बरेच दिवस माझ्यावर फुगून होता. संध्याकाळ मात्र जड जाई. पानावर बसले तरी त्यांचा गुडघा हलत राही आणि बसायचा पाट फरशीवर कडकड वाजे. घरातली पोरं हसत. रस्त्यावर गाडीची घुंगरं वाजली की अर्धे उठत, मग पद्मव्वाकडे बघत आणि परत बसत. मधेच दोनदा घात झाला. नेमका माल आला, दिवस गेला, आणि अंधारात घरी जाऊन पाहतात तर ती चुलीपाशी बसलेली. त्या रात्री तेही जेवले नाहीत, तीही नाही. असा माणूस दुसऱ्या दिवशी वखारीत आला की आमची कुणाची धडगत नसे.

एके दिवशी मात्र खरी कसोटी लागली. मुंबईचे एक मोठे शेठ उन्हं कलताना वखारीत आले. असं गिऱ्हाईक सुगीत एकदाच यायचं. माल बघितला, हातात चुरून वास घेतला, रुमाल पडला आणि बोटं चालू झाली. शेठ सावकाश माणूस. एकेक बोट विचार करून दाबत होते. मी दारात उभा होतो. समोरच्या लिंबाच्या बुंध्यावरून ऊन वर वर सरकत होतं. मला ढकलायला सांगितलं होतं, पण अशा वेळी कोण ढकलणार? अण्णांच्या कपाळावर घाम आला. एकदम त्यांनी रुमालातून हात ओढून घेतला. चालू सौद्यात हात ओढणं म्हणजे आमच्या व्यापारात समोरच्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं.

"शेठ, जरा बसा. मी जेवून येतो."

"आत्ता?" शेठ म्हणाले.

"आत्ताच जायला पायजे," असं म्हणून अण्णा निघालेसुद्धा.

मी शेठना पान दिलं, सुपारी दिली, अण्णांच्या पोटाचं दुखणं सांगितलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शेजारच्या वखारीत जाऊन तिथला माल घेतला. अण्णा परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी सांगितल्यावर त्यांनी एका बोदाला लाथ मारली, मला दोन शिव्या हासडल्या आणि वखारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंजऱ्यातल्या जनावरासारखे फेऱ्या घालू लागले. "तुम्ही धरून का ठेवलं न्हाय त्यास्नी? मास्तर म्हणं, मास्तर." पुष्कळ वेळाने ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"जेवून लगीच का आला नाहीत?" मी विचारलं.

"कसा येणार? भाईर सोप्यात बसून हुतो. आत तिचं ताट वाजत हुतं." मग म्हणाले, "लई मोठा सौदा गेला. पर पोटभर जेवली ती."

पुढं पद्मव्वाच्या अंगात रक्त आलं. चेहरा भरला. अण्णांच्या पोटाला मात्र उशीर झाला होता. काही वर्षं बरी गेली आणि मग दुखणं उलटलं. स्वातंत्र्य येण्याच्या आदल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. बेळगावच्या डॉक्टरांनी आता औषधपाण्यासाठी फार धावपळ करू नका असं आम्हाला सांगितलं. सोप्यातल्या खिडकीशी त्यांची खाट होती. मी रोज जाऊन बसे. पडल्यापडल्याही पायाचा अंगठा हलत असे आणि डोळे रस्त्यावर असत.

पोटात काही टिकत नव्हतं. तरी दुपार कलली की ते स्वतःहून पेज मागत. मला आनंद झाला. मी आत जाऊन पद्मव्वाला म्हणालो, "वहिनी, भूक लागायला लागली त्यांना. चांगलं लक्षण आहे."

ती भात वेळून पेज काढत होती. वर न बघता म्हणाली, "भूक कसली, भावजी. त्यांनी खाल्ल्याबिगार मी खात न्हाय, हे त्यास्नी ठावं हाय. माझ्यासाठी गिळत्यात ते."

पुढं ती पेज उलटून पडे, पण पद्मव्वा जेवायला आत गेल्यावर. तोवर ते दात आवळून पडून राहत. मी पाहिलं आहे ते.

शेवटच्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षाही आधी पेज मागितली. एक घोट घेतला, तोही ओठांतून ओघळला. वाटी बाजूला सारून ते म्हणाले, "झालं माझं. ऊन हाय अजून, तू बस." पद्मव्वा आत गेली नाही. ताट घेऊन तिथेच खाटेशेजारी, त्यांच्यासमोर जेवायला बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती एकेक घास चावून खात होती. अण्णा तिच्याकडे बघत होते. श्वास लागला होता, मी हात धरला तो गार होता. तिचा शेवटचा घास संपेपर्यंत ते थांबले.