आळी गप्प झाली ती दुपार

चिंचेनं हंडा घासायला घेतला, की त्या आंबूस वासाबरोबर मला ती दुपार आठवते. नववीत शाळा सोडून यवतमाळकडून आलो होतो आणि कसब्यात एका काकांच्या दुकानात तांब्याच्या हंड्यांवर ठोके मारायला शिकत होतो. तांबटांची ती सगळी आळी दिवसभर नुसती ठणठणत असायची. त्या दिवशी गावाकडे बाबांचं ऑपरेशन होतं. माझा एक ठोका धड पडेना, म्हणून काकांनी मला हंडे घासायला बसवलं. तेवढ्यात आईचा फोन आला. हात चिंचेनं बरबटलेले, म्हणून करंगळीनंच स्पीकर लावला, पण गोंगाटात काही ऐकू येईना. काकांनी माझा चेहरा पाहिला आणि बाहेर जाऊन हात वर केला. एकामागून एक दुकानं थांबली. तिकडे आई घाबरली. "काऊन रे बापू, आज ठोक्यांचा आवाज नाई? कामावरून काढलं का तुले?" मी म्हटलं, "आई, बाबा कसे हायेत ते सांग ना आधी." "ते शुद्धीवर आले, चहा मागून रायले. तुहं काम सुटलं का?" काका फोनपाशी वाकले. "अहो ताई, काढायला आधी त्यानं काम करायला हवं ना," असं म्हणून त्यांनी हंड्यावर हातोडी हाणली. मग समोरच्यानं हाणली, आणि हसत हसत सगळी आळी पुन्हा ठणठणायला लागली. माझे डोळे पुसायचे राहिले, कारण हाताला चिंच होती. अजूनही घरी फोन लावला की मी आधी हंड्यावर एक ठोका मारतो. तिकडून आई म्हणते, "हं, बोल आता."