वास गेला का?

आमच्याकडे आषाढात कपडे वाळत नाहीत. वॉशिंग मशीन आलं तरी परकराच्या नेफ्यात ओल राहतेच. मग कोळशाची शेगडी पेटवायची, तिच्यावर बांबूची बुट्टी पालथी घालायची आणि बुट्टीवर ओले कपडे पसरायचे. आई असंच करायची, म्हणून मीही करायचे. त्या सकाळी मला शाळेत शिकवायला जायचं होतं आणि बस चुकत होती. शेगडी न उचलताच मी धावत सुटले.

दुपारी परत आले तर मधली खोली जळून गेली होती आणि बाकीच्या खोल्या धुरानं काळ्या झाल्या होत्या. बाहेरच्या खोलीत झोपलेल्या वडिलांना शेजाऱ्यांनी ओढून काढलं होतं. ते कट्ट्यावर खोकत बसले होते.

"म्हाताऱ्यानं शेगडी तशीच ठेवली वाटतं," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

वडिलांनी मान हलवली. "व्हय. माझ्याच हातनं झालं."

मी तिथंच उभी होते. संध्याकाळी सगळे पांगले की सांगू, असं मनाशी म्हटलं. पण संध्याकाळी कबनूरला दिलेली माझी बहीण येऊन त्यांना घेऊन गेली. त्यांना दमा आहे, त्या घरात ठेवणं शक्यच नव्हतं. मग ते सांगायचं राहूनच गेलं.

त्याच संध्याकाळी गल्लीतल्या बायका बादल्या आणि घासण्या घेऊन आल्या. पदर खोचून त्यांनी भिंती साबणाच्या पाण्यानं खसाखसा धुतल्या. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"बाई, काजळी आधी कोरडीच झाडून काढायची असतीया. पाणी मारलं की ती भितीत मुरती. आता दसऱ्यापतोर हात लावू नका. भित वाळू दे."

पण मला गौरीच्या आधी घर पांढरं हवं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत. हट्टानं रंग मारून घेतला. गौरी जायच्या आत भिंतीवर चहा सांडल्यासारखे डाग फुटले आणि वास परत आला. पाऊस वाढला की वासही वाढायचा.

मग सगळा गिलावा खरवडायचा ठरला. रंगारी खरवडायचा आणि शाळेतून आले की मी डोक्याला फडकं बांधून राहिलेलं पुसत बसायचे. गाद्या टाकून दिल्या. भांडी चिंचेनं घासली. पुस्तकं पानापानानं पुसली आणि शेवटी कंटाळून अर्धी रद्दीत घातली. नाक शिंकरलं तरी काळं यायचं. रोज वाटायचं, हे घर असंच टाकून कुठंतरी भाड्यानं राहावं. एवढी दमले होते की भातात मीठ घातलं का, तेही आठवायचं नाही.

वडिलांचा रोज फोन यायचा. बहिणीच्या घराला लागूनच यंत्रमाग आहेत. त्यांच्या आवाजाआधी मागांचा खडखडाट ऐकू यायचा.

"वास गेला का गं? हितं डोळा लागत न्हाय."

मला कळायचंच नाही. रोज तिथं राहून माझं नाक मेलं होतं. म्हणून मी दूधवाल्याला आत बोलवायला लागले. "मामा, जरा वास येतोय का बघा की." तो बिचारा चपला काढून मधल्या खोलीत जायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि म्हणायचा, "हाय की." मग मी वडिलांना तसंच कळवायचे.

दसरा झाला. उन्हं पडली, नवा गिलावा चढला, भिंती वाळल्या, चुना मारून झाला. एके सकाळी दूधवाला दोनदा हुंगून म्हणाला, "न्हाय बाई. आता निस्ता चुन्याचा वास."

त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं आणि मी म्हणाले, "अजून थोडा आहे, आबा."

दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. तिसऱ्याही. ते घरी आले असते, समोर बसले असते, आणि मला सांगावं लागलं असतं. मला लाज वाटत होती. दूधवाल्याला मी आत बोलवणंच बंद केलं.

दिवाळीच्या तोंडावर बहिणीनंच त्यांना रिक्षातून आणून सोडलं आणि ती तशीच परत गेली. काठी टेकत ते थेट मधल्या खोलीत गेले. भिंतीवर हात ठेवला. मी त्यांच्या पाठीकडे बघत बोलून टाकलं.

"आबा, शेगडी मी पेटवली होती. उचलायची विसरले. तुम्ही काही केलं नव्हतं."

"ठावं हाय की," ते म्हणाले. "माझं गुडघं वाकत न्हाईत. मी कुठली शेगडी पेटवतोय?"

मग त्यांनी सावकाश एक लांब श्वास घेतला. खोकला आला नाही.

"त्येचं काय न्हाय. पर हितला वास तर कवाच गेलाय गं. मला न्यायला का आली न्हाईस?"