कोणाच्याही सहीशिवाय

दुकान म्हणजे काय, तर औषधवाला आणि घड्याळवाला यांच्यामधली फट. त्या फटीत किल्लीकाकू एकतीस वर्षं उभ्या होत्या. वर पाटी होती, 'किल्लीवाले आणि मुलगा'. त्यातले किल्लीवाले, म्हणजे काकूंचा नवरा, बारा वर्षांपूर्वी गेले. मुलाने विमा कंपनीतली खुर्ची धरली. कानस कुठल्या बाजूने धरतात हेही त्याला ठाऊक नाही. आणि जिने कुलपाला कान लावून अख्ख्या गावाची दारं उघडली, तिचा पाटीवर पत्ताच नाही! काकूंनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. कामातून सवड कुणाला होती?

पण गाड्यांच्या किल्ल्यांत चिप आली आणि गिऱ्हाइकं आल्या पावली परत जायला लागली. चिपची किल्ली करणारं यंत्र घेतलं नाही तर वर्षभरात दुकानालाच कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. यंत्रवाला बिनव्याजी हप्ते द्यायला तयार होता, पण फक्त क्रेडिट कार्डावर, आणि तेही महिनाअखेरपर्यंतच.

काकू आधी बँकेत गेल्या. खातं तिथलंच, मुलगा रांगत होता तेव्हापासूनचं.

"पगाराची स्लिप?" साहेबाने मान वर न करता विचारलं.

"मीच मला पगार देते. स्लिप कुणाकडे मागू, आरशाकडे?"

साहेब हसला नाही. "मग मुलाला आणा. नोकरीत आहेत ना ते? त्यांच्या नावावर मुख्य कार्ड निघेल, तुम्हाला त्यावर जोडकार्ड देऊ."

जोडकार्ड! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी मुलगा म्हणाला, "आई, करतो ना सही. एका सहीने काय बिघडतंय?"

"यंत्र मी चालवणार, हप्ते मी भरणार, आणि कार्ड तुझं? वा रे वा! तिकडे त्या पाटीवर आयता बसलायस तेवढं पुरे. जेव गुमान."

सुनेने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी काकू विजेच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानात गेल्या. तिथे एका फायनान्स कंपनीचं टेबल होतं आणि टेबलामागे एक हसरी मुलगी. "दहा मिनिटांत कार्ड, काकू. ना स्लिप, ना जामीन."

"आणि व्याज?"

"वेळेवर भरलंत तर काही नाही. चुकलात तर बँकेपेक्षा बरंच जास्त, ते मी लपवत नाही."

"मी चुकत नाही," काकू म्हणाल्या. मुलगी त्यांना आवडली. सगळं भरून झालं, काकूंच्या फोनवर कंपनीचं ॲप आलं, आणि घोडं तिथेच अडलं.

"आता फक्त इथे 'परवानगी' दाबा. म्हणजे फोनमधले नंबर आणि फोटो कंपनीला बघता येतील."

काकूंचं बोट हवेतच राहिलं. त्या फोनमध्ये चारशे घरांच्या किल्ल्यांचे फोटो होते, प्रत्येकाखाली घराचं नाव. काकूंचा नेम होता, मालक समोर उभा असल्याशिवाय किल्लीची नक्कल करायची नाही. सख्ख्या दिराला त्यांनी जावेच्या कपाटाची किल्ली नाकारली होती. तो अजून बोलत नाही.

"नाही दाबलं तर?"

"तर कार्ड नाही."

"मग घाल ते चुलीत!" काकूंनी फोन पिशवीत टाकला. उठताना मात्र त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना राग आला.

मुलीने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, बँकेत मुदत ठेव आहे तुमची? ठेवीवर कार्ड मिळतं. स्लिप नको, कोणाची सहीसुद्धा नको. मी सांगितलं म्हणून सांगू नका हं, नोकरी जाईल."

ठेव होती. म्हातारपणासाठी जपलेली, एकुलती एक. काकू त्या रात्री शांत झोपल्या आणि सकाळी बँकेचं दार उघडायच्या आधी दारात उभ्या राहिल्या.

"मिळतं तसं," साहेब म्हणाला. "पण पुंजी अडकून पडेल हो. मुलाला विचारलंत?"

"तुम्ही गाडी घेतलीत तेव्हा आईला विचारलंत? आणि मिळतं तर परवा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही."

काकूंनी टेबलावर हात आपटला. रांगेतली डोकी वळली. "किल्ली हरवलेला माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा काय विचारायचं हे त्याला ठाऊक असतं का? दार कसं उघडेल ते मी सांगायचं असतं. त्याचेच पैसे घेते मी. तुम्ही कशाचे घेता?"

रांगेतलं कोणीतरी खो खो हसलं. साहेबाने मुकाट्याने खणातून अर्ज काढला.

कार्ड आलं. त्यावर एकच नाव होतं, काकूंचं. महिना संपायच्या आदल्या दिवशी यंत्र आलं, आणि तीन किल्ल्या वाया घालवल्यावर चौथी लागली. त्याच आठवड्यात काकूंनी पेंटरला बोलावलं.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा जुनी अक्षरं खरवडून झाली होती. नव्या पाटीवर फक्त 'किल्लीकाकू'.

"आई, मला काढून टाकलंस?"

"तू तिथे होतास कधी?"

तो ओशाळं हसला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "बरं, ही एक जास्तीची करून दे. घरात एकच आहे."

काकूंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"हिच्या."

"मग तिला पाठव," म्हणत काकूंनी किल्ली परत त्याच्या हातात दिली.