चार पायऱ्या उरल्या की उचलायचं

तीन दिवस पावसानं तोंड मिटलं नव्हतं. सकाळचे सात वाजले तरी महाडच्या खालच्या आळीत दिवा लावल्याशिवाय कागदावरचं अक्षर दिसत नव्हतं. आम्रपालीनं झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं, उंबऱ्याशी गोणपाट कोंबलं आणि दमट झालेल्या कागदांवर कोमट इस्त्री फिरवायला बसली. ओला कागद मशीन गिळतं आणि परत ओकत नाही, हे तिला बारा पावसाळ्यांनी शिकवलं होतं.

दुकान झेरॉक्सचं, पण आळीच्या लेखी तीच नगरपालिका. बी.कॉम. झाल्यावर तिनं दुकान टाकलं, लोकांचे दाखल्यांचे फॉर्म भरता भरता पालिकेच्या फळ्यावरच्या सूचना फोनवर टिपून आणायला लागली आणि एका दुबळ्या क्षणी तिनं ‘खालची आळी – सूचना’ नावाचा ग्रुप काढला. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर. घंटागाडी आली नाही की फोन तिला. खांबावरचा दिवा गेला की फोन तिला. एकदा कुणाच्या तरी परसात साप निघाला, तेव्हा सर्पमित्राच्या आधी तिला हाक गेली. “मी पालिकेत नाही हो, मला तिथं कुणी बाकावर बसा पण म्हणत नाही,” असं ती सांगायची. समोरचा मान डोलवायचा आणि विचारायचा, “मग गाडी कधी पाठवता?”

साडेसातला पालिकेकडून नदीची पातळी आली, मीटरमध्ये. सावित्रीनं धोक्याची खूण ओलांडली होती. आम्रपालीनं सूचना जशीच्या तशी ग्रुपवर टाकली, वर स्वतःचं एक वाक्य जोडलं: “सगळ्यांनी सामान वर हलवा.” लागलीच अकरा जणांनी हात जोडले. एकानं गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवलं. मग नेमका तोच प्रश्न आला, ज्याला ती दर पावसाळ्यात वैतागायची: “मीटर म्हणजे किती पायऱ्या?”

आळीमागं नदीवर जुना घाट होता. पाणी चढायला लागलं की वरून किती पायऱ्या कोरड्या उरल्या ते मोजायचं, आणि चार उरल्या की सामान उचलायचं, असा आळीचा कायदा. कायदा दुकानासमोरच्या म्हाताऱ्या येसूबाईचा. मोठ्या पुरात साऱ्या आळीचे गहू-तांदूळ चिखलात गेले, तेव्हा येसूबाईचे डबे तेवढे माळ्यावर होते, कारण ती रात्रभर पायऱ्या मोजत बसली होती. त्या दिवसापासून तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. ती हलली की आळी हलायची.

आणि हीच खरी पंचाईत होती. येसूबाईचे दोन्ही गुडघे गेलेले. तिला वर न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी आम्रपालीच्या दुकानावरच्या घराच्या अरुंद जिन्यानं चढवायचं. आळीत गुडघाभर पाणी भरल्यावर ते कुणाच्या बापाला जमणार नव्हतं.

आम्रपाली छत्री घेऊन समोर गेली. येसूबाई खाटेवर पाय लांब करून लसूण सोलत होती.

“आत्या, चला वर. धोक्याच्या वर गेलंय पाणी.”

“किती उरल्या?”

दारात महादू, तिचा मुलगा, भिजून उभा होता. पंधरा वर्षं मुंबईत काढून आलेला. “सहा. आत्ताच मोजून आलो, आये. एकदम ओके. टेन्शन नाय घ्यायचा.”

“आयकलास?” येसूबाई म्हणाली. “अजून दोन जायच्यात. बस, चाय पी.”

“आत्या, पायऱ्यांचं राहू द्या. मोजमाप आलंय सरकारी.”

“तुज्या मीटरानं माजा संसार नाय वाचवला गो. पायरीनं वाचवला.”

“पण पाणी चढतंय!”

“चढंल की. नदी हाय ती, खाली बसंल काय?” आणि तिनं एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. महादू खिदळला. आम्रपालीच्या कपाळाची शीर तडतडायला लागली.

दुकानात परत येते तर पोलादपूरहून भावाचा, सुहासचा फोन. “ताई, इकडं कालपासून धो-धो लागलाय. कुडपणच्या बाजूचे सगळे ओढे लाल होऊन खाली धावतायत. हे पाणी तुमच्याकडंच येणार. समुद्राची दुपारची भरती आणि हे पाणी एकाच वेळी आलं तर बघ.” तिनं तेही ग्रुपवर टाकलं. आता नऊ जणांनी हात जोडले. एकानं लिहिलं, “घाबरवू नका ताई, सहा पायऱ्या हायत, महादूनं मोजल्यात.”

“मोजल्यात म्हणे!” ती मशीनलाच ओरडली, शटर खाली ओढलं आणि तरातरा घाटाकडं निघाली. छत्री दोनदा उलटी झाली. तिसऱ्यांदा तिनं ती मिटून काखेतच मारली.

घाटावर तिनं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. महादू खोटं बोलत नव्हता. सहावीच्या खाली चहाच्या रंगाचं पाणी फिरत होतं, त्यात कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर वाहत चाललं होतं. तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. उगाच बोंबललो आपण. ती वळली, आणि वरच्या पायरीवर तिची चप्पल करकर घासली. खालच्या पायऱ्यांवर तर पाय घसरू नये म्हणून बोटं रुतवावी लागत होती. तिनं वाकून पाहिलं. वरच्या दोन पायऱ्या राखाडी, सरळ काठाच्या, शेवाळाचा पत्ता नाही. त्यांच्या खालचा दगड काळा, मधोमध झिजून खोलगट झालेला.

तिनं कपाळावर हात मारला. मे महिन्यात घाटाचं काम झालं होतं. रस्ता आणि घाट यांच्यामधला मातीचा उतार खणून तिथं दोन पायऱ्या नव्यानं बांधल्या होत्या. पूर्वी मोजणी त्या उताराच्या खालून सुरू व्हायची. म्हणजे सहा नव्हेत, चारच उरल्या होत्या. आणि ही बातमी आळीला कुणी दिली होती? तिनंच! “घाटावर दोन नवीन पायऱ्यांचे काम, दोन दिवस ये-जा बंद.” सतरा जणांनी अंगठा दाखवला होता. एकानंही वाचलं नव्हतं. आणि जिनं टाइप केलं, तिच्याही डोक्यात ते दुसऱ्या दिवशी उरलं नव्हतं.

ती धावत परतली. “महादू! वरच्या दोन, गुळगुळीत, त्या धरल्यास ना?”

“मग? पायऱ्याच हायत ना त्या?”

येसूबाईचा हात लसणावर थांबला. “कुठल्या दोन?”

“नव्या आहेत, आत्या. मे महिन्यात बांधल्या. तुम्ही दोन वर्षांत घाटावर गेला नाहीत.”

येसूबाईनं मुलाकडं असं पाहिलं की तो दारातून एक पाऊल बाहेर सरकला. “मेल्या, शेवाळ नाय धरलेल्या पायरीला पायरी म्हनतोस? मुंबईत काय लिफ्ट मोजत होतास पंधरा वर्सं?”

“आये, तू बोललीस मोज, मी मोजल्या!”

“खुर्ची आन. उभा काय ऱ्हायलास? आनि आमे, तू तुज्या त्या ग्रुपात टाक.”

“काय टाकू? मीटर?”

“मीटर घाल चुलीत. टाक, येसूबाई वर चालली.”

आम्रपालीनं दात-ओठ खात तेवढंच टाइप केलं. “येसूआत्या वर चालल्या.” सकाळपासून धोक्याच्या खुणा, पोलादपूरचा पाऊस, दुपारची भरती, सगळं टाकून जे झालं नव्हतं, ते या तीन शब्दांनी पाच मिनिटांत झालं. दारं धडाधड उघडली. गॅसच्या टाक्या, पिंपं, शिलाई मशीन, दप्तरं, कोंबड्या जिन्यावरून वर निघाल्या. चार बाप्ये धावत आले आणि खुर्चीतली येसूबाई जिना चढली. वाटेत ती सूचना देतच होती: “भितीला घासू नका रे! महादू, लसनाची ताटली!”

साडेअकराला आळीत पाणी आलं. दीडला ते येसूबाईच्या खाटेच्या उंचीला टेकलं आणि तिथंच थबकलं. संध्याकाळपर्यंत आम्रपालीच्या खोलीत एकवीस माणसं, तीन कोंबड्या आणि एक शिलाई मशीन. येसूबाई खिडकीशी बसून सगळ्यांना सांगत होती, “चार उरल्या की उचलायचा, मी काय खोटा सांगते?” आम्रपाली भाताचा टोप ढवळत होती. बोलली असती तर टोप कुणाच्या तरी डोक्यात बसला असता.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. दुकानात वीतभर चिखल. मशीन तेवढं टेबलावर टेबल चढवून ठेवल्यानं बचावलं होतं. पालिकेच्या फळ्यावर सूचना लागली होती, ती तिनं चिखलाच्या बोटांनीच ग्रुपवर टाकली: “नळाला पाणी आज संध्याकाळी सहा ते सात.”

मिनिटभरात फोन वाजला. “ताई, नळाला पाणी किती वाजता हो?”

“सहा!”

“सकाळी?”

तिनं फोन टेबलावर पालथा टाकला, ओढणी कमरेला बांधली आणि फावडं उचलून कोपऱ्यातला चिखल दाराकडं ढकलायला लागली.